मिठ्ठूचा सोमवार

शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे धारच्या मराठी शाळेत चौथीत शिकवलं होतं, पण माझं लक्ष खिडकीबाहेरच्या चिंचेकडे असायचं, आणि पाचवीत मी गेलेच नाही. अक्षराचंही तसंच. ओळ सरळ सुरू होते आणि अर्ध्यात आली की उताराला लागते. वही मुलीची जुनी आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. आमच्या घरमालकांबद्दल मनात बरंच साठलंय, आणि बोलायला गेलं तर माझ्या तोंडून दोन वाक्यांच्या वर काही निघत नाही, म्हणून कागदावर.

त्यांना सगळी गल्ली भाऊसाहेब म्हणायची. खरं नाव लिहीत नाही. न विचारता नाव कागदावर घातलेलं त्यांना चालायचं नाही. आता ते मुलाकडे पुण्याला असतात, आणि एवढ्यासाठी फोन करायची मला लाज वाटते.

देवासला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, अजून राहतो. पुढे ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा दोन वेळचा स्वयंपाक माझ्याकडे होता. त्यांच्या घराण्यात कुणीतरी संस्थानच्या दरबारी होतं, एका पेटीत पगडी होती. ती दाखवा म्हटलं की म्हणायचे, "आजोबा महाराजांपुढे उभे राहायचे, मी बॉयलरपुढे उभा राहिलो. घाम दोघांनाही सारखाच."

तीस वर्षं ते एका कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलर म्हणजे काय हे मला त्यांनी कुकर दाखवून समजावलं. "हा असा, पण या घराएवढा. याची शिट्टी झाली की तुम्ही गॅस बारीक करता. त्याची झाली की आम्ही पळायचो."

नोकरी सुटली, पण कारखाना काही सुटला नाही. घरभर चिठ्ठ्या. गॅसच्या नळीवर, शिडीवर, पाण्याच्या टाकीवर. लोणच्याच्या बरणीवर लिहिलेलं, "हात कोरडा आहे का?" चष्म्याच्या डबीवर, "चष्मा डोळ्यांवर आहे. इथे शोधू नये." जिन्याच्या पहिल्या पायरीवर, "पुढची पायरी अर्धा बोट उंच आहे, गवंड्याची चूक." सगळं मराठीत, अक्षर छापल्यासारखं.

गंमत अशी की घरात ते मराठी वाचणारी मी एकटी. माझी मुलगी हिंदी शाळेत शिकली, कॉलेजही झालं. अक्षरं तिला लागायची, शब्द अडायचा. "आई, 'चावी पिळू नये' मतलब?" मग मी चौथी पास सांगणार, आणि ती बी.कॉम. ऐकणार. वाचनात मी तिच्यापुढे होते असा तेवढाच एक प्रसंग. भाऊसाहेब म्हणायचे, "या घरात मराठी जाणणारे दोन. एक मी, एक इनचार्ज बाई."

इनचार्ज बाई म्हणजे मी. ते कसं झालं ते सांगते.

एका थंडीत भाऊसाहेब आंघोळीला गेले ते लवकर बाहेर येईनात. त्यांच्या न्हाणीघरात तेव्हा गॅसचा गिझर होता, आणि माळव्यातल्या थंडीत खिडकी कोण उघडी ठेवतो. मी पोळ्या करत होते. पाण्याचा आवाज येत होता, पण तांब्याचा येत नव्हता. पाच पोळ्या झाल्या तरी तांब्या नाही. मी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारली. ते रात्रपाळी करून झोपले होते, तसेच उठले आणि खांद्याने कडी तोडली. भाऊसाहेब आत भिंतीला टेकून बसलेले, तोंड लालसर, डोळे मिटलेले. ओढत अंगणात आणलं. थोड्या वेळाने डोळे उघडले. अंगावर पंचा, भोवती अर्धी गल्ली, आणि पहिला प्रश्न काय, तर "आत किती जण होते?"

हे म्हणाले, "आप अकेले थे, भाऊसाहेब."

"मग एक बाहेर. गिनती बरोबर." आणि परत डोळे मिटले.

दवाखान्यात कळलं की गिझरच्या वायूने झालं. बंद जागेत गॅस किंवा कोळसा अर्धवट जळला की तो तयार होतो. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं म्हणून मला लिहिता येतंय. एरवी आम्ही त्याला मुका वायू म्हणायचो. रंग नाही, वास नाही, धूर नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणसाला वाटतं थकवा असेल.

घरी आल्यावर आठ दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. दुखण्यापेक्षा लाज जास्त. "तीस वर्षं त्या राक्षसाने मला बोट लावलं नाही, आणि या पत्र्याच्या डब्याने पाडलं." मग गिझरवर एक चिठ्ठी चढली, "हा गुन्हेगार आहे." मग गुन्हेगाराला घराबाहेरच्या भिंतीवर काढून लावलं. आणि मग एक दिवस पार्सल आलं.

आत पांढरी डबी होती, साबणाच्या वडीच्या दुप्पट. समोर एक बटण आणि आकडा दिसायला लहानशी खिडकी. सोबत मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचं पुस्तक. ते त्यांनी तीन दिवस भिंग घेऊन वाचलं. चौथ्या दिवशी गळ्यात मापाची फीत घालून मला बोलावलं.

"बाई, याला कुठे बसवू?"

मला कुणी असं काही विचारत नाही. मी हळूच म्हटलं, "न्हाणीघरात."

"तिथे वाफ. वाफेत याचं नाक चोंदेल."

"चुलीवर?"

"रोज फोडणीला ओरडेल. उगाच ओरडणाऱ्याकडे मग कुणी बघत नाही. चुलीपासून दहा पावलं दूर."

मला वाटलं, चांगली वस्तू आहे तर देवघराच्या कोनाड्यात शोभेल. तसं म्हटलं. ते हसले. "देव जागेच असतात, बाई. झोपतो आपण. जिथे माणूस झोपतो तिथे हा पाहिजे. पडद्यामागे नाही, कपाटाआड नाही."

शेवटी तो त्यांच्या निजायच्या खोलीबाहेर बसला. फार उंचही नाही आणि जमिनीलगतही नाही. मुका वायू खाली साचत नाही की छताला जात नाही, माणसाच्या बरोबरीने हवेत फिरतो, असं ते म्हणाले. सिलिंडर गळला तर मात्र हा बोलणार नाही, त्याचा वास नाकाने ओळखायचा, हेही बजावलं. त्याची चिठ्ठी सिलिंडरवर. डबीच्या पाठीवर ती किती वर्षं चालेल ते छापलेलं होतं, ते त्यांनी भिंतीवरही मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

त्याचं नाव त्यांनी मिठ्ठू ठेवलं. आमच्याकडे घरोघरच्या पोपटाचं तेच नाव असतं. मिठ्ठूची भाषा मला पाठ करायला लावली. दर मिनिटाला एकदा 'टिक' केलं तर त्याला भूक लागली आहे, सेल बदलायचा. चार टिक, जरा थांबून परत चार, तर विचार करायचा नाही, घराबाहेर पडायचं. आणि खिडकीत शून्य दिसत असेल तर सगळं ठीक. पहिला महिनाभर मी जाता-येता शून्य बघत होते. शाळेत शून्य मिळालं की रडायला यायचं, इथे बरं वाटायचं.

मग सुरू झाला सोमवार.

दर सोमवारी सकाळी अकरा वाजता भाऊसाहेब मिठ्ठूचं बटण दाबायचे. चार टिक वाजले की घरात जो असेल त्याने हातातलं टाकून अंगणात यायचं आणि तुळशीजवळ रांगेत उभं राहायचं. भाऊसाहेब मोजणार. बाहेर आल्यावर काहीही घ्यायला आत जायचं नाही. चप्पल नाही, पैसे नाहीत, फोन नाही. "आत राहिलेली वस्तू परत मिळते," ते म्हणायचे. "वस्तू आणायला गेलेला मिळेलच असं नाही."

एका सोमवारी ते स्वतःच अर्ध्या गालाला फेस लावून उभे होते. दुसऱ्या एका सोमवारी त्यांचे चुलतभाऊ पाहुणे आलेले, त्यांचा चहा आत निवला आणि भाऊसाहेबांनी पाच मिनिटं कुणाला हलू दिलं नाही. दूधवाल्याची वेळ नेमकी तीच. पहिल्यांदा त्याला रांगेत घेतलं तर तो म्हणाला, "बाबूजी, मेरे को क्यूं गिन रहे हो? मैं तो बाहर ही था!"

"भिया, मोजणीच्या वेळी जो दिसेल तो मोजायचा. तू उद्या आत दूध ओतत असलास तर?"

त्याला ते पटलं. मग तो सोमवारी मुद्दाम अकरालाच यायचा आणि सायकल लावून शहाण्यासारखा उभा राहायचा. गल्लीतले हसायचे. "भाऊसाहेब सटक गए," असं दुकानावर उघड बोलायचे. भाऊसाहेबांना ते कळायचं. "हसू दे. हसत हसत बाहेर आले तरी बाहेरच आले."

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी केली नाही. सोमवार सोडून दुसऱ्या दिवशी बटणाला हात लावला नाही. मुलगी एकदा म्हणाली, "भाऊसाहेब, मंगळवारी अचानक दाबा ना, मजा येईल." त्यांना राग आला. "आज गंमत म्हणून दाबलं, तर उद्या खरं वाजलं तरी तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याची गंमत. सोमवारी अकराला वाजला तर मी. दुसऱ्या कधीही वाजला तर तो."

अंगणात हाक देण्याचं काम त्यांनी मला दिलं होतं. मिठ्ठू बोलला की मी मोठ्याने ओरडायचं, "बाहेर! सगळे बाहेर!" म्हणून मी इनचार्ज. मला ते काही केल्या जमेना. चार माणसांसमोर माझा आवाज घशातच बसतो. मी कुजबुजल्यासारखं 'बाहेर' म्हणायचे, आणि दूधवाला विचारायचा, "भाभी ने कुछ बोला क्या?" भाऊसाहेबांकडे त्याची एक वही होती. गिनती इतकी, वेळ इतकी, आणि शेवटी माझा शेरा. "आवाज: चार आणे." वर्षभराने आठ आणे झाला. दिवाळीनंतर एकदा दहा आणे लिहिलेलं पाहिलं, पण त्या दिवशी मला मांजर आडवं आलं म्हणून मी किंचाळले होते.

मुलीचं लग्न धारला झालं. माझं माहेर धारचं, पण आम्ही साधी माणसं. तिचं सासर जुन्या कामदारांचं, म्हणजे संस्थानच्या कारभाऱ्यांचं. विहीणबाई मोठ्या रुबाबाच्या. बोलणं जुनं, शुद्ध. हातात चांदीची मूठ असलेली छत्री. त्यांच्यासमोर मी दोन वाक्यंसुद्धा नाही, एकच बोलायचे, "हो." लग्नात काही कमी पडलं का, हो. म्हणजे कमी पडलं? हो. असा माझा गोंधळ.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुलगी देवासला आली. पौष महिन्यात बाळ झालं, मुलगी. आमच्या मागच्या खोल्या गार, म्हणून भाऊसाहेबांनी त्यांची स्वतःची खोली बाळंतिणीला दिली आणि आपण बैठकीत झोपायला गेले. बाज आली. बाजेखाली शेगडी, शेक, ओव्याची धुरी, सगळं आपल्या रीतीने करायचं मी ठरवलं होतं.

भाऊसाहेबांना शेगडी मुळीच नको होती. "बाई, निखारा लाल झाला की तुम्हाला वाटतं धूर गेला. धूर गेला, मुका वायू आहेच. गरम पाण्याच्या पिशव्या द्या."

मी खाली बघून म्हटलं, "लोक काय म्हणतील? पहिलटकरणीला शेगडी नाही?"

त्यांनी उठून खिडकीची कडी दोनदा उघडून पाहिली. मग म्हणाले, "तुमची रीत मी मोडत नाही. पण रीतीच्या शेजारी मिठ्ठू बसेल." आणि तो खोलीत आणून बाजेच्या उशाजवळच्या भिंतीवर बसवला. अटी घातल्या. शेगडी शेकापुरती अर्धा तास, मग अंगणात. तेवढा वेळ खिडकी हातभर उघडी, दार सताड. दहा दिवस तसंच चाललं आणि खिडकीत शून्य राहिलं.

अकराव्या दिवशी, बुधवारी, बारशासाठी विहीणबाई आल्या. शेगडी अंगणात पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आमच्याकडे दरबारच्या वेळेपासून सव्वा महिना बाळंतिणीची शेगडी विझत नाही." मी म्हटलं, "हो."

गुरुवारी भाऊसाहेब एका जुन्या सोबत्याच्या घरच्या लग्नाला पीपलरावां गावाला गेले. हे दिवसपाळीला. दुपारी जेवणं झाली आणि मी स्वयंपाकघरात डिंकाच्या लाडवांचा पाक घेऊन बसले. चारच्या सुमाराला ऐकू आलं. टिक टिक टिक टिक. मग थांबलं. मग परत.

मी पाकाचे हात घेऊन दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. आत गेले तर खिडकी बंद, तिच्या फटीत गोधडी कोंबलेली. बाजेखाली शेगडी, निखारे लालभडक, सुरेख. विहीणबाई खुर्चीवर चढून मिठ्ठूला भिंतीवरून काढत होत्या.

"विहीणबाई, हे तुमच्या घरमालकांचं खेळणं ओरडतंय. सेल संपला वाटतं. बाळ उठेल." असं म्हणत त्यांनी तो उशाशी असलेल्या कालच्या लाडवांच्या स्टीलच्या डब्यात टाकला, झाकण दाबलं, वर दुलई घातली. आवाज बंद. "झालं गप्प."

मुलगी बाजेवर डोळ्यांवर हात घेऊन पडली होती. "आई, डोकं फार जड झालंय गं."

"अशक्तपणा," विहीणबाई म्हणाल्या. "माझंही ठणकतंय कालपासून. बसचा प्रवास."

मी तिथेच उभी. हातावर पाक सुकत होता. मनात एकच हिशेब चालला होता. सेल संपला असता तर एक टिक. मी चार ऐकले. का चुकले? भाऊसाहेबांनी दाबलं असेल? पण ते पीपलरावांला. आणि आज गुरुवार. जो माणूस मंगळवारी गमतीनेसुद्धा बटण दाबत नाही, त्याच्या घरात गुरुवारी चार वाजता मिठ्ठू वाजला, तर तो फक्त मिठ्ठूच असणार.

आणि समोर विहीणबाई. बारसं तोंडावर. मी चुकले तर माझ्या मुलीला जन्मभर ऐकावं लागलं असतं, की तुझ्या आईने भरल्या घरात तमाशा केला, बाळंतिणीला थंडीत बाहेर काढलं. बरोबर असले आणि गप्प बसले तर ऐकायला मुलगीच राहिली नसती.

मी बाळाला उचललं, पाकाच्या हातांनीच. आणि ओरडले, "बाहेर! सगळे बाहेर!"

तो आवाज माझा आहे हे मला नंतर कळलं. मुलगी ताडकन उठली. तिला लहानपणापासून नाही तरी चार वर्षं सोमवारांची सवय होती. ती गोधडी ओढत दाराबाहेर. विहीणबाई तशाच.

"अहो, वेड लागलंय का? बाळंतिणीला वारा लागेल!"

"लागू दे!" मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरून ओढलं. चांगला जोरात. छत्री खाली पडली.

अंगणात दूधवाला संध्याकाळचं दूध घेऊन शिरत होता. माझी हाक ऐकून त्याने सवयीने सायकल लावली आणि तुळशीजवळ उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. "भाभी, आज तो गुरुवार है!"

"असली है," मुलगी म्हणाली, आणि ओट्यावर मटकन बसली.

मी मोजलं. मुलगी, बाळ, विहीणबाई, मी. दूधवाल्यालाही मोजला. पाच. विहीणबाईंनी थोडा वेळ श्वास घेतला, मग म्हणाल्या, "माझी शाल आत राहिली," आणि निघाल्या. मी दारात जाऊन दोन्ही हात चौकटीला लावले.

"आत जायचं नाही."

"अहो, शाल—"

"आत जायचं नाही."

त्यांच्या घरात त्यांना असं कुणी कधी म्हटलं नसेल. त्या काही बोलणार एवढ्यात तोंडाला पदर लावून कोपऱ्यात वळल्या आणि त्यांना उलटी झाली. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. कालच्या बसचा प्रवास आजच्या उलटीपर्यंत पोचत नाही हे त्यांनाही कळलं असावं. मी माझी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. दूधवाला रिक्षा घेऊन आला, जाताना त्याने बाहेरूनच खिडकी ढकलून गोधडी ओढून काढली होती. दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. बाळाचं नाक एवढंसं, तिच्यासाठी वेगळा लहान मास्क शोधावा लागला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

संध्याकाळी हे कामावरून आले. दारं-खिडक्या बराच वेळ उघड्या ठेवून, घर वाऱ्याने धुऊन निघाल्यावर त्यांनी लाडवांचा डबा अंगणात आणून उघडला. आत मिठ्ठू तूप माखून अजून ओरडतच होता, लाडवांना.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. पिशवीही खाली ठेवली नाही. "गिनती?"

"पाच," मी म्हटलं.

"कुणी परत आत गेलं?"

"नाही. विहीणबाई जात होत्या. मी जाऊ दिलं नाही."

त्यांनी वही काढली. सोमवार नव्हता, तरी लिहिलं. नंतर मी चोरून पाहिलं. "आवाज: रुपया."

बारसं साधं झालं, शेगडीशिवाय, गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून. मग विहीणबाई धारला निघाल्या. निघताना माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही माझा हात ओढलात."

मी म्हटलं, "हो."

"अजून दुखतोय." मग छत्री उघडता उघडता, "तो तुमचा पोपट कुठे मिळतो, ते विचारून ठेवा."

तो त्यांनी विकत घ्यावा हे मला नको होतं. माझ्या मुलीच्या सासरी तो माझ्याकडून जायला हवा होता. लुगडी-चोळ्या पुष्कळ जातात. भाऊसाहेबांनी नवा मिठ्ठू मागवला, अडीच हजारांचा. मी म्हटलं, माझ्या स्वयंपाकाच्या पैशांतून कापून घ्या. ते मान हलवून नाही म्हणाले. "कापलेले पैसे कुणाला आठवत नाहीत. आणि फुकट आलेल्या वस्तूचं बटण कुणी दाबत नाही. दर सोमवारी पन्नास रुपये हातात आणून द्या. पण धारच्या मिठ्ठूचं बटण त्या दिवशी दाबलं असेल तरच मी घेणार."

म्हणून सोमवारी आमची गिनती झाली की मी धारला फोन लावायचे. सुरुवातीला मुलगी ओशाळायची. "आई, घरात सगळे आहेत, कसं दाबू?" मग भाऊसाहेब नोट परत माझ्यापुढे सरकवायचे. "मग आज नाही." मी म्हणायचे, पुढच्या सोमवारी दोन्ही घ्या. "दोन नाही. एका सोमवारी एकच." असे बरेच सोमवार वाया गेले, आणि पन्नास आठवड्यांची फेड वर्षावर लांबली. मला वाटायचं, कसला हट्टी माणूस, पैसे द्यायला गेलं तर घेत नाही.

मग कधीतरी मुलगी म्हणाली, आता सासूबाई स्वतः दाबतात. माझ्या हातून नीट दाबलं जात नाही म्हणाल्या.

शेवटची नोट राहिली तेव्हा भाऊसाहेबांचं पुण्याला जायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात गाडी होती, त्यामुळे तो शेवटचा सोमवार. आमची गिनती झाली, दूधवाला धरून. मी नोट घडी करून हातात ठेवली आणि धारला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. नाहीच.

"बोलला का मिठ्ठू?"

"फोन उचलत नाहीत."

"मग नाही." त्यांनी नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही.

साडेअकरा झाले. मला आधी वाईट वाटत होतं, की एका नोटेसाठी हे देणं जन्मभर अंगावर राहणार. मग दुसरीच भीती वाटू लागली. चौघं मोठी माणसं घरात, आणि एकही उचलत नाही? सकाळची वेळ, थंडीचे दिवस. भाऊसाहेब येरझाऱ्या घालू लागले. मी परत लावला. परत. दूधवालाही गेला नव्हता, सायकल धरून उभा.

बारा वाजायला आले आणि फोन वाजला. विहीणबाई. भाऊसाहेबांना ऐकू जावं म्हणून मी आवाज मोठा केला.

"अहो विहीणबाई, किती वेळा वाजवाल? आम्ही सगळे अंगणात उभे. फोन आत!"

"इतका वेळ?"

"तुमचे जावई आंघोळीला बसलेले. मिठ्ठू बोलला तर म्हणे, साबण धुऊन येतो. गिनती चाराच्या पुढे जाईना! ते येईपर्यंत मी एकालाही आत सोडलं नाही. आणि आल्यावर, पहिल्या हाकेला का आला नाहीत म्हणून सगळ्यांना परत पहिल्यापासून करायला लावलं. मधे फोन वाजत होता. तुमची मुलगी म्हणाली, आईचा असेल, आणते. मी म्हटलं, खबरदार. काहीही घ्यायला आत जायचं नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

मी म्हटलं, "हो."

भाऊसाहेब फोनजवळ वाकले. "गिनती?"

"पाच. बाळ धरून. सगळे हजर."

त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी नोट दिली. इतका वेळ मुठीत धरल्यामुळे ती ओली झाली होती. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवून सपाट केली, बाकीच्या नोटांबरोबर डबीत ठेवली, चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता, आणि माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली. ती या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवली आहे.

"धारच्या मिठ्ठूचे सबंध पैसे पोचले. बाकी शून्य."